ब्लॅक हिस्ट्री आणि अपंगांचे हक्क, दोन्ही एकाच गोधडीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: ताई अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहतात, तिथल्या लायब्ररीने त्यांना फेब्रुवारीत ब्लॅक हिस्ट्री मंथसाठी सगळ्यांनी मिळून हाताने काहीतरी करायचा कार्यक्रम ठेवायला सांगितलाय. त्यांचा स्वतःचा मुलगा व्हीलचेअर वापरतो म्हणून अपंगांच्या हक्कांचा विषयही त्यात यावा असं त्यांना मनापासून वाटतं, पण कमिटीतले लोक म्हणतात दोन विषय एकत्र केले की खिचडी होईल. आणि सध्या पुढे आलेल्या आयडिया दोन, कागदाचे आफ्रिकन मुखवटे रंगवणं आणि डोळ्याला पट्टी बांधून चित्र काढणं. शिवाय अपंग म्हणावं की दिव्यांग, ब्लॅक म्हणावं की कृष्णवर्णीय, हेही त्यांनी विचारलंय.

ताई, मी ईस्ट बेमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि गेली अकरा वर्षं दर शनिवारी एक शिवणाचा ग्रुप चालवते, त्यात निम्म्याहून जास्त लोक अपंग आहेत आणि बरेचसे ब्लॅक आहेत, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. पहिली गोष्ट, ते मुखवटे आणि ती पट्टी दोन्ही कृपा करून बाजूला ठेवा. पाच मिनिटं डोळे बांधून घेतले की माणसाला फक्त आपण किती घाबरलो ते कळतं, आंधळा माणूस वर्षानुवर्षं कशी कामं करतो त्यातलं काहीच कळत नाही, आणि घरी जाताना लोक कीव घेऊन जातात, हक्क नाही. मुखवट्यांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांचा इतिहास म्हणजे कुठल्यातरी एका आफ्रिकेचं चित्र नव्हे. त्यांनी इथे, याच मातीत काय केलं ते दाखवायला महिना कमी पडतो.

आता खिचडीचं. हे दोन विषय एकत्र करायला आपल्याला काही करावंच लागत नाही, ते आधीच एकत्र आहेत, आणि तेही तुमच्या घरापासून तासाभरावर. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये युनायटेड नेशन्स प्लाझाला जी सरकारी इमारत आहे तिथे ५ एप्रिल १९७७ ला दीडशेच्या आसपास माणसं आत शिरली आणि उठलीच नाहीत. १९७३ च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टमध्ये सेक्शन ५०४ होतं, सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेने अपंग माणसाला बाहेर ठेवायचं नाही असं सांगणारं, आणि त्याची भाषा बघितलीत तर ती १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टच्या टायटल सिक्सवरून घेतलीय, म्हणजे ब्लॅक लोकांनी रस्त्यावर उतरून मिळवलेल्या कायद्याच्या साच्यातच अपंगांचा कायदा बसवला होता. पण तो कायदा लागू करणाऱ्या नियमांवर चार वर्षं सहीच होईना. म्हणून हे बसणं. ज्युडिथ ह्यूमन, किटी कोन या आंदोलनाच्या पुढाऱ्यांची नावं तुम्हाला कुठेही वाचायला मिळतील. ब्रॅड लोमॅक्सचं नाव मात्र मुद्दाम शोधावं लागतं, म्हणून मी दर वर्षी त्याच्यापासूनच सुरू करते.

लोमॅक्स फिलाडेल्फियाचा, ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पार्टीचा कार्यकर्ता, ऐन तारुण्यात मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला आणि व्हीलचेअर आली. ओकलंडला आला तेव्हा बसला लिफ्ट नसायची, त्याचा भाऊ त्याला उचलून बसमध्ये चढवायचा, मग खाली येऊन खुर्ची वर न्यायचा. त्याने बर्कलीत अपंगांचं केंद्र उभं करणाऱ्या एड रॉबर्ट्सच्या मदतीने १९७५ मध्ये ईस्ट ओकलंडमध्ये अपंगांसाठी केंद्र सुरू करवलं, कारण बर्कलीचं केंद्र चांगलं असलं तरी ब्लॅक वस्तीतल्या माणसाला तिथपर्यंत पोचणंच मुश्कील होतं. आणि ५०४ च्या वेळी तो आत होता, त्याचा मदतनीस चक जॅक्सन, तोही पँथर, तोही आत, आणि चक एकट्या लोमॅक्सला नाही तर इतर अनेकांनाही उठवणं बसवणं करत होता. पँथर लोक रोज संध्याकाळी गरम जेवण घेऊन यायचे. पंचवीसेक दिवस. दीडशे माणसं, फोन कापलेले, औषधं थंड ठेवायला एअर कंडिशनरवर खोका चिकटवून केलेला फ्रिज, बहिरे आंदोलक खिडकीत उभे राहून खालच्या लोकांशी साइन लँग्वेजमध्ये बोलतायत आणि बाहेरची खबर आत येतेय. २८ एप्रिलला त्या खात्याचे मंत्री कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली, ३० ला माणसं बाहेर आली. ते जेवण आलं नसतं तर ती माणसं इतके दिवस टिकली असती का, हा प्रश्न कमिटीला विचारा, खिचडीचा मुद्दा तिथेच संपेल.

आमच्याकडे आम्ही यावरच गोधडी केली. २५ ब्लॉक, म्हणजे चौकोनी तुकडे, पाच ओळी पाच रांगा, एक एक दिवस धरून. ब्लॉक शिवून झाल्यावर दहा इंच, म्हणजे कापताना साडेदहा, चारही बाजूंना पाव इंच शिवणीत जातो. पन्नास इंचाचा चौकोन होतो आणि भोवती पाच इंचाची पट्टी लावली की साठ, भिंतीवर छान दिसते आणि दोन माणसांना उचलता येते. एक ब्लॉक जेवणाच्या ताटाचा, एक खिडकी आणि हातांचा, एक खोक्याच्या फ्रिजचा, एक सहीच्या पेनचा, एक कॅलेंडरमधल्या ५ तारखेचा, बाकी लोकांनी ऐकलेल्या गोष्टीतून आपलं आपण ठरवावं. सगळं आधी ठरवून हातात देऊ नका.

आणि एक नियम आम्ही पाळला, तो तुम्हीही पाळा: प्रत्येक ब्लॉक बोटांनी वाचता आला पाहिजे. नुसत्या छापील चिटाचा ब्लॉक नको. कॉर्डरॉय, टॉवेलचं कापड, फेल्ट, सॅटिन, जाड दोरा, बटणं. आमच्यातल्या एका आंधळ्या बाईंनी ताटाचा ब्लॉक केला, त्यात घेवड्याच्या दाण्यांच्या जागी लाकडी मणी, आणि भाताच्या जागी फ्रेंच नॉटच्या बारीक गाठी इतक्या दाट की हात फिरवला की खरंच भाताचं शीत लागावं.

कॉर्डरॉयचं मुद्दाम सांगतेय कारण त्यालाही इतिहास आहे. अलाबामात अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं गाव आहे, तिथे पेटवे नावाच्या मालकाच्या मळ्यावर गुलाम असलेल्या लोकांचे वंशज राहतात, कितीतरी घरांचं आडनाव अजून पेटवेच. १९६२ मध्ये तिथली माणसं मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडे कॅम्डेनला जायला लागली तेव्हा होडीची फेरीच बंद झाली, ती परत सुरू व्हायला २००६ उजाडलं. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली, आणि १९७२ मध्ये सिअर्स कंपनीचं कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळींचं काम मिळालं, त्याच्या उरलेल्या चिंध्या घरोघरच्या गोधड्यांत गेल्या. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये त्या गोधड्या भिंतीवर लागल्या. मला मात्र सगळ्यात जवळची वाटते ती १९४२ ची, मिसूरी पेटवे या बाईंनी नवरा गेल्यावर त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची शिवलेली, गुडघ्याला झिजलेल्या पँटी, विटलेले शर्ट, आणि मुलगी आर्लोन्झियाने त्यात मदत केलेली. माझ्या आजीने आजोबांच्या धोतरांची वाकळ केली होती, तिच्यावर मी झोपलेय, त्यामुळे मला हे समजावून सांगायला लागलं नाही. तुमच्या ग्रुपमधल्या मराठी बायकांनाही लागणार नाही, गोधडी म्हणजे काय ते आपल्याला माहितीये. फक्त एक, त्यांच्या डिझाइनची नक्कल करून जीज बेंड स्टाइल म्हणून विकायला ठेवू नका. तिथल्या बायका आता स्वतः ऑनलाइन विकतात, लायब्ररीकडे बजेट असेल तर एखादी छोटी त्यांच्याकडूनच घ्या आणि दाखवायला ठेवा.

अजून एक सावधगिरी. कोणीतरी नक्की येऊन सांगेल की गुलामगिरीच्या काळात गोधड्यांवर गुप्त खुणा असायच्या, अमुक नक्षी दारावर टांगली की पळून जाणाऱ्यांना कळायचं वगैरे. गोष्ट फार गोड आहे, १९९९ च्या एका पुस्तकाने ती घरोघरी पोचवली, शाळांमध्ये शिकवतात, पण इतिहासकारांना त्याला आधार सापडलेला नाही. खऱ्या गोष्टी एवढ्या पडल्या असताना ही कशाला. गुलामीतून पळून सुटलेल्या हॅरिएट टबमनचंच घ्या, लहान असताना मुकादमाने फेकलेलं दोन पौंडांचं वजन डोक्यात बसलं आणि जन्मभर तिला बोलता बोलता मध्येच झोप लागायची, शुद्ध हरपायची, आणि त्या अवस्थेत ती तेराएक वेळा गुलामीच्या मुलखात परत गेली आणि सत्तरएक माणसं सोडवून आणली. शाळेत हिची गोष्ट सांगतात तेव्हा अपंगत्व गाळतात. फॅनी लू हेमर, मिसिसिपीत ब्लॅक लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढलेली, लहानपणी पोलिओ, लंगडत चालायची, १९६१ मध्ये ऑपरेशन करताना तिला न विचारता गर्भाशय काढलं, १९६३ मध्ये विनोनाच्या तुरुंगात एवढं मारलं की किडनी कायमची दुखावली, आणि १९६४ मध्ये तीच बाई डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात कमिटीसमोर बसून सगळ्या देशाला ऐकवते. या दोघींचे ब्लॉक करा ना.

शब्दांबद्दल पण विचारलंय. मी मराठीत अपंग म्हणते, दिव्यांग म्हणत नाही. सरकारी कागदावर दिव्यांग आहे ते ठीक, पण अंग दिव्य म्हटलं की रॅम्प मागायची सोय राहत नाही, आणि मी ज्यांच्यासोबत काम करते ते स्वतःला सरळ डिसेबल्ड म्हणवतात. ज्याला जे आवडतं ते त्याला विचारून घ्या. ब्लॅकला मी ब्लॅकच लिहिते, कृष्णवर्णीय हा शब्द पेपरात बरा वाटतो पण कोणी स्वतःला तसं म्हणत नाही.

आता कामाचं. इथे मी खरंच चुकले होते. पहिल्या वर्षी जो हॉल मिळाला तिथली टेबलं उंच होती आणि मध्ये आडवी फळी, व्हीलचेअरवाल्या एका बाईंचे गुडघे आत जाईनात, त्या तीन तास मांडीवर ट्रे घेऊन शिवत राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत, आणि विषय काय तर अपंगांचे हक्क. मी रात्री झोपले नाही. तेव्हापासून मी टेप घेऊन आधी हॉल बघायला जाते. टेबलाचा वरचा भाग जमिनीपासून २८ ते ३४ इंच, खाली गुडघ्यांना २७ इंच उंची आणि ३० इंच रुंदी मोकळी, हे कायद्यातलंच माप आहे, टेबलाखाली आडवी फळी नको. दार, संडास, पार्किंगपासूनचा रस्ता स्वतः चालून बघा, आणि तुमच्या मुलाला सोबत न्या, त्याला तुमच्या आधी कळेल. लिफ्ट चालू आहे का हे त्या दिवशी सकाळी फोन करून परत विचारा.

सामानात फार खर्च नाही. डोक्याला खाच असलेली सुई मिळते, दोरा वरून दाबला की आत जातो, नेढ्यात ओवायचा प्रश्नच नाही. टाचण्यांऐवजी क्लिपा, कारण टाचणी खाली पडली की व्हीलचेअरच्या टायरमध्ये नाहीतर ज्याला पायाला स्पर्श कळत नाही त्याच्या तळव्यात जाते. दाबलं की आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री. कापडाखाली न सरकणारी रबरी जाळी. आणि ज्याचा एकच हात चालतो त्याच्यासाठी भरतकामाची रिंग टेबलाला क्लॅम्पने घट्ट बसवायची, मग दुसरा हात लागत नाही. कापड आधी सुवास नसलेल्या साबणाने धुवून घ्या, आटणारं आटून जातं आणि वासाचा त्रास असलेल्यांनाही बसता येतं. एक शांत कोपरा, दोन खुर्च्या, मंद दिवा, तिथे कोणी का बसलं ते विचारायचं नाही.

जोडायला मी शिवणीची गोधडी सांगत नाही, गाठीची सांगते. वरचं कापड, मधला कापूस, खालचं कापड असं थर लावून ठेवायचं आणि दर चार पाच इंचांवर जाड दोऱ्याने टाका घालून चौकोनी गाठ मारायची, बस. धावदोरा सगळ्यांना जमत नाही, गाठ एकाने टाका घातला आणि दुसऱ्याने ओढली तरी चालते. आमच्याकडे पार्किन्सन्स असलेले एक गृहस्थ आणि डाउन सिंड्रोम असलेली एक मुलगी जोडीने बसायचे, एक दोरा धरायचा, एक बांधायची, आणि दोघांनी मिळून जवळजवळ अर्ध्या गाठी मारल्या.

साइन लँग्वेज इंटरप्रिटर महिनाभर आधी सांगून ठेवा, फेब्रुवारीत ते मिळत नाहीत, आणि तासाहून जास्त कार्यक्रम असेल तर दोन लागतात, आलटून पालटून. आणि पैसे. बोलायला, शिकवायला जी ब्लॅक अपंग व्यक्ती बोलवाल तिला मानधन द्या, येण्याजाण्याचा खर्च वेगळा. बजेट कमी असेल तर कापड कमी घ्या. खरं तर ती व्यक्ती कमिटीतच हवी, ब्लॉक काय काय करायचे हे ठरायच्या आधीपासून. अशी व्यक्ती सापडत नाही म्हणून अडलं असेल तर दोन महिने पुढे ढकला, एप्रिलमध्ये करा, तारीख तर ५ एप्रिलच आहे. फेब्रुवारीत ब्लॅक इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये आठवडा म्हणून सुरुवात केली, १९७६ मध्ये त्याचा महिना झाला, पण बाकीचे अकरा महिने ब्लॅक इतिहास सांगायला बंदी नाहीये.

मराठी मंडळातून कोणी म्हणालं की यात आपला काय संबंध, तर सांगा की जोतिबांनी १८७३ मध्ये गुलामगिरी अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं, आणि १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच ओकलंडच्या पँथरवरून नाव घेऊन. त्याच पँथर लोकांनी १९७१ पासून सिकल सेलच्या, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराच्या, मोफत तपासण्या सुरू केल्या होत्या. सिकल सेल आपल्या विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारला बऱ्याच घरांत आहे, आणि २०१६ च्या आपल्या अपंग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत तो आहे. दिसत नाही असं अपंगत्व. आमच्या गोधडीत तो ब्लॉक एका नागपूरच्या बाईंनी केला, लाल सॅटिनचे विळ्यासारखे तुकडे, एकमेकांत अडकलेले.

आणि हातात वेळ असेल तर कवंदी बघा. उत्तर कन्नडमध्ये हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी लोक राहतात, आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज, त्यांच्यातले बरेच गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटून जंगलात आलेले, घरात कोंकणी बोलतात. त्यांच्या बायका जुन्या साडीवर कडेपासून सुरुवात करून तुकडे दुमडत, धावदोऱ्याने आत आत जात मध्यावर पोचतात आणि कोपऱ्यांना फुलं लावतात. चारही बाजूंनी माणसं बसून आत येत जावं असं काम आहे हे, टेबलाभोवती कोणीही कुठूनही, खुर्ची कशीही लावा. आम्ही एक छोटी तशी केली आणि सिद्दींचं नाव शेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं.

एक प्रसंग सांगते आणि थांबते. आमच्या ग्रुपमध्ये पंचाहत्तरीचे एक निवृत्त बस ड्रायव्हर होते, ब्लॅक, अर्धांगवायूने डावा हात गेलेला. लोमॅक्सची गोष्ट सांगितली त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी येताना जुनी तपकिरी कॉर्डरॉयची पँट घेऊन आले आणि म्हणाले मला बसच्या पायऱ्या करायच्यात. तीन पायऱ्या, रिंग क्लॅम्पला लावून एका हाताने, पहिली दोन इंचाची, दुसरी अडीच, तिसरी जवळजवळ चार. मी म्हटलं वरची फार उंच झाली का. ते म्हणाले तेवढीच होती, आणि मग खाली बघत सांगितलं की मी स्वतः अशा माणसांना स्टॉपवर सोडून गाडी पुढे नेलीय, कितीतरी वेळा, लिफ्ट नव्हती आणि वेळेवर पोचायचं असायचं. कॉर्डरॉयच्या रेघा त्यांनी आडव्या ठेवल्या होत्या, बोट वर नेलं की प्रत्येक रेघेला अडखळतं.

हॅरिएट पॉवर्स या जॉर्जियातल्या, गुलामीत जन्मलेल्या बाईंनी १८८६ च्या सुमाराला बायबलच्या गोष्टींची गोधडी केली, नड होती म्हणून पाच डॉलरला विकली, पण विकताना एकेका चौकोनाचा अर्थ घेणाऱ्या बाईला नीट सांगितला आणि तिने तो लिहून ठेवला, म्हणून आज स्मिथसोनियन म्युझियममध्ये ती गोधडी बघताना आपल्याला त्यात काय आहे ते कळतं. तुम्हीही प्रत्येकाचं त्याच्या शब्दात लिहून घ्या, मोठ्या ठशात, ब्रेलमध्ये, आणि त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून. हात लावू नये अशी पाटी लावू नका. गोधडी खाली टांगा, बसलेल्या माणसाच्या नजरेला येईल अशी. त्यांच्या पायऱ्यांचा ब्लॉक आम्ही खालून दुसऱ्या रांगेत घेतला, व्हीलचेअरमधून हात सहज पुरतो तिथे.